ओसरी द्यावी, माजघर राखावे

सिरोंच्याला आलेल्या पाहुण्याला आम्ही दोन गोष्टी हटकून दाखवतो : एक प्राणहितेचे पात्र आणि दुसरे साहेबाच्या अमदानीतले विश्रामगृह. नदी त्याला आपसूक आवडते. इमारतीची मात्र हकीकत सांगावी लागते.

१८६० साली निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. त्यातून अप्पर गोदावरी जिल्हा झाला व सिरोंचा त्याचे मुख्य ठाणे बनले. वऱ्हाडचा कापूस नदीवाटे पूर्व किनाऱ्याला न्यावा, असे सर आर्थर कॉटन यांचे स्वप्न होते. पात्रातल्या खडकांनी ते पुरे होऊ दिले नाही. १८७१ साली कामे थांबली. १८७४ साली जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडले गेले. कॅप्टन ग्लासफर्ड या अधिकाऱ्याचे नाव तेवढे जवळच्या ग्लासफर्डपेठा गावाने जपले.

साहेब गेले, वास्तू राहिली. तिथे परका उतरला म्हणून गावाचे काही उणे झाले नाही. गावातल्या कुणाची चूल तिथे कधी पेटलीच नव्हती.

नांदत्या घरांची गोष्ट निराळी. पणजीतले फोंताइन्हास पाहावे. पणजी १८४३ साली राजधानी झाली, त्या काळाच्या खुणा सांगणारी ही वस्ती. पावसाळा सरला की घरे रंगवायची, ही तिथली जुनी रीत. पुढे काही जुन्या घरांची निवासगृहे झाली. त्याने कौले शाबूत राहिली, चार हातांना काम मिळाले, हे कबूल केलेच पाहिजे. पण त्या रंगीत दारांपुढे छायाचित्रे काढणाऱ्यांची अशी झुंबड उडू लागली, की ‘येथे छायाचित्र काढू नये’ अशा पाट्या रहिवाशांना लावाव्या लागल्या.

यात दोष पाहुण्याचा नाही, हिशेबाचा आहे. रात्रीचे भाडे महिन्याच्या भाड्याला भारी पडते. मग भाडेकरू उठतो. त्याच्यामागोमाग महिन्याचा किराणा भरणारे गिऱ्हाईक जाते. भिंती उभ्या राहतात आणि शेजार मोडतो. दिवाळीत आकाशकंदील तिथेही लागतो. पण फराळाचे ताट न्यायचे कुणाकडे? आणि आपले ताट रिकामे परत न पाठवणारी शेजारीण तरी कुठे शोधायची?

एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचा पुष्कर झाला, तेव्हा आमच्या घाटावर बारा दिवस भाविकांची रीघ लागली होती. बारा वर्षांनी गुरू पुन्हा मीन राशीत येईल, पुन्हा माणसे येतील. त्यांना छप्पर हवेच. जुन्या घरांना त्यातून चार पैसे मिळाले, तर वाईट काय? फक्त एक पथ्य पाळावे : ओसरी द्यावी, माजघर राखावे. घरधनी घरात राहिला, तर पाहुण्यालाही चहा विचारणारे कुणी भेटेल, आणि शेजारणीचे ताट घ्यायला दार उघडेल.