मुठीत वळलेलं तेल

मलम म्हणजे मुळात अंगावर टिकणारं तेल. नुसतं तेल चोळलं की निम्मं कपड्यांना लागतं आणि उरलेलं अंथरुणाला. ते कातडीवर ठरायला हवं असेल तर त्याला कशाने तरी घट्ट करावं लागतं. हे ‘कशाने तरी’ शोधण्यातच मलमाचा बराचसा इतिहास गेला. वास, वनस्पतींचे अर्क, डबीवरची फुलं हा सगळा नंतरचा साज.

रोमन साम्राज्यात हा प्रश्न मेणाने सोडवला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला वैद्य गेलेन ऑलिव्हच्या तेलात मधमाशीचं मेण वितळवी आणि त्यात गुलाबपाणी घोटी. कोल्ड क्रीमचं जनकत्व त्याच्याकडे जातं ते यामुळेच. मेण 62 ते 64 अंश सेल्सियसला वितळतं, त्यामुळे थोडंसं पडलं तरी पातळ तेल लोण्यासारखं होतं. कोंडलेलं पाणी अंगावर हळूहळू उडून जातं आणि गारवा देतं. आपल्याकडे चरकसंहितेतलं शतधौत घृत याच गारव्यासाठी, पण मेणाशिवाय. तूप पाण्याने शंभर वेळा धुवायचं, परंपरेने तांब्याच्या भांड्यात. फेसत फेसत ते पांढरंशुभ्र होतं, तुपाचा वास जातो आणि मऊसूत लेप उरतो. करणाऱ्याचा हात मात्र दुखून येतो. शंभर हा आकडा ज्याने ठरवला त्याने तो स्वतः किती वेळा पाळला असेल, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

कोकणाला यातलं काहीच करावं लागलं नाही. तिथे घट्टपणा बीमध्येच होता.

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. गोव्यात आणि तळकोकणात त्यांनाच भिरंडं म्हणतात. पाऊस दाराशी येऊन ठेपलेला असतो, तेवढ्यात सगळं उरकायचं असतं. फळ फोडलं की सालं एका बाजूला आणि गराने लडबडलेल्या बिया दुसऱ्या बाजूला. सालांना मीठ घातलेल्या रसाचे पुट देत देत, उन्हात वाळवून आमसुलं होतात. साखर घातली तर सरबताचा पाक आणि मीठ घातलं तर आगळ. बिया या सगळ्या उद्योगातला उरलासुरला माल. त्या गर काढून धुवायच्या, खळ्यात उन्हाला घालायच्या आणि आमसुलांची घाई संपली की मग त्यांच्याकडे बघायचं.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात भिरंडाची दखल घेतली आहे, पण ती त्याच्या आंबटपणाची आणि रंगाची. साल समुद्रापार जाण्याजोगी होती. बीच्या तेलाकडे इंग्रजी औषधकोशांचं लक्ष गेलं ते एकोणिसाव्या शतकात. 1868 च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त ते औषधी द्रव्य म्हणून आलं. 1874 मध्ये फ्लुकिगर आणि हॅनबरी यांच्या ‘फार्माकोग्राफिया’नेही त्याला जागा दिली. मलमांना लागणारा घट्ट स्नेह म्हणून त्यांना ते कामाचं वाटलं. बाजारात त्याचे अंड्याच्या आकाराचे, मळकट पांढरे गोळे मिळतात, असं त्या काळची वर्णनं सांगतात. हा आकार कुठून आला हे कोकणातल्या कुठल्याही म्हातारीने सांगितलं असतं. तेल हातात घेऊन मूठ आवळली की तसाच गोळा होतो. सिंधुदुर्गात त्याला मुठेल म्हणतात.

करायची रीत सोपी आहे, पण वेळखाऊ. वाळलेल्या बिया फोडून टरफलं पाखडून टाकायची. आतला गर उखळात कुटायचा, मग मोठ्या टोपात भरपूर पाण्यात चांगला उकळायचा. उकळी ओसरली की टोप रात्रभर हलवायचा नाही. सकाळी वर पिवळसर कवच धरलेलं असतं, खाली तपकिरी पाणी आणि तळाला चोथा. कवच उचलून पुन्हा कढवायचं. आत राहिलेलं पाणी आधी चरचरतं. ती चरचर थांबली की पाणी गेलं असं समजायचं आणि तेल फडक्यातून गाळायचं. गाळलेलं तेल निवत आलं की कडेने पांढरं पडू लागतं आणि मधे अजून पातळ असतं. हीच वेळ. थोडं आधी हात घातला तर बोटांमधून ओघळतं, थोडा उशीर झाला तर गोळा वळताना चिरा जातात. काही घरांत उकळण्याऐवजी कुटलेला गर पाण्यात घालून ताकासारखा घुसळत आणि वर येणारं लोणी काढून घेत.

बीच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा तेल असतं. घरच्या रितीने तेवढं कधीच हाती लागत नाही, बरंच चोथ्यात राहून जातं. कुणी त्याचा हिशोब मांडला नाही, कारण बायकांच्या श्रमाचं मोल धरायचंच नाही, असा तो व्यवहार होता. मोल धरलं असतं तर मुठेल कधीच परवडलं नसतं, असं माझं मत आहे.

या तेलात मुख्यतः दोनच मेदाम्लं आहेत, स्टिअरिक आणि ओलिइक. बहुतेक रेणूंची बांधणीही एकसारखी असते, दोन टोकांना स्टिअरिक आणि मधे ओलिइक. घडण सारखी असल्यामुळे ते जवळपास एकदमच वितळतात, चाळीस अंशांच्या आसपास. खोबरेल 24-25 अंशांलाच पातळ होतं, म्हणून कोकणात ते वर्षातला बराच काळ बाटलीत हिंदकळत असतं. मुठेल मात्र मे महिन्यातही फळीवर गोळाच्या गोळा राहतं. अंगाच्या उबेनेही ते लगेच विरघळत नाही. म्हणून टाचेच्या भेगांसाठी ते पळीत घेऊन चुलीवर पातळ करतात आणि गरम गरम भेगांत सोडतात. तिथेच ते थिजतं आणि भेग बुजते. लावणीच्या दिवसांत चिखलात भिजलेले पाय, थंडीत फुटलेले ओठ, सगळ्यांना हाच गोळा पुरे. पोट बिघडलं तरी तेच पोटात देत.

तिकडे पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाच्या विहिरींवर पंपांच्या दांड्यांना चिकट मेणचट थर बसे. कामगार तो चटक्यांवर आणि कापल्यावर लावत. रॉबर्ट चेसब्रो याने तो शुद्ध करून 1872 मध्ये व्हॅसलिनचं पेटंट घेतलं. स्वस्त, बिनवासाचं आणि वर्षानुवर्षं न खवटणारं. त्याच्यापुढे मुठेल मागे पडलं यात नवल नाही. मुठेलाला जुन्या बियांचा वास येतो आणि नीट कढवलं नाही तर ते खवट होतं. भेगेवर दोघांचंही काम बरंचसं सारखंच, आतली ओल आत धरून ठेवण्याचं. नैसर्गिक म्हणून एकाला सोवळं आणि दुसऱ्याला ओवळं ठरवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

मुठेलाच्या त्या एकसारख्या घडणीच्या रेणूंमुळे कोकमतेलाला एक अनपेक्षित गिऱ्हाईक मिळालं. कोकोच्या लोण्यातही अशाच घडणीचे रेणू असतात. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याखेरीज सहाच वनस्पतिजन्य मेद चालतात, तेही पाच टक्क्यांपर्यंत. आंब्याची कोय, सालवृक्ष, शिया यांच्या पंगतीत कोकम बसलेलं आहे.

घरी मलम करायचं तर नुसतं मुठेल फार कडक. ते खोबरेलात किंवा तिळाच्या तेलात मिसळावं. एक वाटी मुठेलाला दोन वाट्या तेल, एवढ्यापासून सुरुवात करावी. थंडीत तेल थोडं वाढवावं, उन्हाळ्यात कमी करावं. चुलीवर थेट न ठेवता गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवावं आणि ओतायच्या आधी चार थेंब थंड वाटीत टाकून घट्टपणा बघावा. ओतल्यावर डबी गार पाण्यात ठेवली तर मलम तलम थिजतं. सावकाश निवू दिलं तर रवाळ होतं. पण रवाळ म्हणजे बिघडलेलं नव्हे, पुन्हा वितळवून लवकर गार केलं की झालं. यात पाणी नसल्यामुळे टिकवण्यासाठी वेगळं काही घालावं लागत नाही. फक्त ओलं बोट डबीत घालायचं नाही, नाहीतर बुरशी धरते. पहिल्यांदा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावं, आणि वाहत्या जखमेवर किंवा ताज्या भाजल्यावर लावू नये. मुठेल विकत घेताना गोळ्यावर नख ओढून बघावं. चांगलं मुठेल भुसभुशीत सुटतं आणि वास सौम्य येतो. फार मऊ लागलं तर त्यात दुसरं काही मिसळलेलं असण्याचा संभव अधिक.