चार बाहुल्या आणि एक निकाल

वर्गात 'पूर्वग्रह' शिकवताना मी सुरुवात चार बाहुल्यांपासून करतो. दोन गोऱ्या, दोन तपकिरी. कातडीचा आणि केसांचा रंग सोडला तर चारही सारख्या. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने १९४० च्या सुमारास त्या २५३ काळ्या मुलांपुढे ठेवल्या. मुले तीन ते सात वर्षांची. १३४ मुले अर्कान्सामधल्या, फक्त काळ्यांसाठी असलेल्या शाळांतली. ११९ मॅसॅच्युसेट्समधल्या मिश्र शाळांतली. प्रश्न साधे होते. खेळायला कोणती घेशील? चांगली कोणती? वाईट दिसते ती कोणती? आणि शेवटी, तुझ्यासारखी कोणती?

शंभरात ६७ मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. ५९ मुलांनी वाईट म्हणून तपकिरी दाखवली. शेवटच्या प्रश्नाला काही मुले रडत खोलीबाहेर पळाली.

क्लार्क दांपत्याने पीएच.डी. घेतली ती कोलंबिया विद्यापीठातून. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथेच शिकत होते. जातीचे ठाणे माणसाच्या मनात आहे, हे त्यांनी १९३६ सालीच 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले आणि मनाला ते वळण देणाऱ्या धर्मशास्त्रांवर बोट ठेवले.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णविभाजन एकमताने घटनाबाह्य ठरवले. निकालाच्या अकराव्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा निर्देश आहे. इथवरचा इतिहास सगळेच सांगतात.

पुढचे कमी लोक सांगतात. मिश्र शाळांतल्या मुलांनीही खेळायला गोरीच बाहुली निवडली. किंबहुना थोडी अधिकच. एका बाकावर बसवले की जखम भरते, असे हे आकडे म्हणत नाहीत. त्याच १९५४ साली गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहावरील ग्रंथात अटी घातल्या: संपर्क बरोबरीच्या दर्जाचा हवा, उद्दिष्ट समान हवे, कायदा आणि संस्था पाठीशी हव्यात.

हे मला ग्रंथ वाचण्याआधीच ठाऊक होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या शाळेत बाक एकच होता, पण माठाजवळ मला ओंजळ पुढे करावी लागे. पाणी वरून पडे. घरी येऊन मी हात घासघासून धूत असे. आई विचारी, "काय लागलंय रे हाताला?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

क्लार्क दांपत्याचे ऋण मानूनही एक गोष्ट खटकते. त्या प्रयोगात जखमी मूल तपासले गेले, जखम करणारा नाही. न्याय मागायला काळ्या लेकराचे मनच कोर्टापुढे उघडे करावे लागले. आमच्या संशोधक विद्यार्थ्यांना म्हणूनच माझे सांगणे आहे: आपल्या मुलांचा न्यूनगंड मोजणे आता पुरे. वरून पाणी ओतणाऱ्या हातामागचे मन तपासा. बाहुल्या आता त्या घरात मांडा.