इंदूरची वैद्यकीय शाळा आणि प्रौढ विद्यार्थी

इंदूर येथे 1878 मध्ये सुरू झालेली आणि पुढे ‘किंग एडवर्ड मेडिकल स्कूल’ या नावाने ओळखली गेलेली वैद्यकीय शाळा पदवी देणारी नव्हती. अशा शाळांतून पदवीऐवजी पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्यांना ‘लायसेन्शिएट’, म्हणजे परवानाधारक डॉक्टर म्हणत, आणि दवाखान्याच्या पाटीवर नावापुढे बहुधा ‘एल.एम.पी.’ ही तीन अक्षरे असत. गावोगावी बाळंतपणे करणारे, गळवे चिरणारे आणि हिवतापाला क्विनीन देणारे हेच होते. देशातील आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालानुसार देशातील सुमारे 47,500 नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळपास 30,000 परवानाधारक होते; तरीही समितीच्या बहुमताने एकच पदवी असावी, असा आग्रह धरला. काही सदस्यांचा याला विरोध होता, आणि खेड्यांची आजची स्थिती पाहता तो अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

1948 मध्ये इंदूरला महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आणि पदविकेचा काळ सरला. परवानाधारकांसाठी देशातील काही महाविद्यालयांनी ‘कंडेन्स्ड एम.बी.बी.एस.’ हा संक्षिप्त अभ्यासक्रम ठेवला होता, त्यामुळे वर्षानुवर्षे रोगी तपासलेले, घरसंसार असलेले डॉक्टर पुन्हा बाकावर बसून परीक्षा देऊ लागले. अनुभवाची दखल घेणारी ही वाट पुढे बंद झाली. नव्याने वैद्यक शिकू पाहणाऱ्या प्रौढांना मात्र आता प्रवेशपरीक्षेत वयाची आडकाठी नाही. ‘नीट’ या परीक्षेची कमाल वयोमर्यादा 2022 मध्ये रद्द झाली आहे.