होळकरांचा संघ आणि त्यांतील अग्रगण्य खेळाडू

आवडत्या संघांतील खेळाडूंची प्रतवारी लावणें हा क्रिकेटच्या रसिकांचा सामना संपल्यानंतरचा सामना होय. मैदानावरच्या खेळाला पंच असतात. या खेळाला पंच नाहीं, म्हणूनच तो कधीं संपत नाहीं. एकानें धांवांचा हिशेब मांडावा, दुसऱ्यानें एखाद्या खेळीची आठवण काढावी, तिसऱ्यानें "पण अडचणीच्या वेळीं कोण उभा राहिला?" असा प्रश्न टाकावा, आणि चहाचे पेले रिकामे झाले तरी वाद मात्र भरलेला राहावा, असा हा प्रकार आहे. वरवर पाहतां ही करमणूक वाटते. परंतु मोठेपणा कशाला म्हणावयाचें, कीर्तीला कीं सेवेला, असा एक गंभीर प्रश्न तिच्या पोटांत दडलेला असतो.

खानदेशांतील रसिकापुढें हा प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहतो. क्रिकेटच्या राज्यव्यवस्थेंत जळगांव व धुळें हे जिल्हे महाराष्ट्राच्या संघाकडे मोडतात. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं या संघानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला; तेव्हां अभिमान बाळगावयास घरचाच संघ आहे. पण धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानें उत्तरेस निघालें, कीं शिरपूरच्या अलीकडे तापी लागते, पुढें सातपुड्यांतील सेंधव्याचा घाट, मग नर्मदा, मग महू, आणि महूच्या पुढें इंदूर. जळगांवकरासाठीं भुसावळ-खंडव्याचा लोहमार्ग होता; खंडव्याहून इंदुरास जाणाऱ्या गाडीचा रस्ता तर होळकरांनींच इंग्रज सरकारला एक कोट रुपयांचें कर्ज देऊन घडवून आणला होता. त्याहूनहि जुना धागा म्हणजे खानदेशचा मोठा मुलूख एके काळीं होळकरांच्याच अंमलाखालीं होता. महिदपूरच्या पराभवानंतर ६ जानेवारी १८१८ रोजीं झालेल्या मंदसोरच्या तहानें तो त्यांच्या हातून गेला. तापीकांठचें थाळनेर त्याच वर्षीं पडलें आणि तेथील किल्लेदाराला इंग्रज सेनापतीनें फांसावर चढविलें. ज्या घराण्याचें निशाण सातपुड्याच्या दक्षिणेस पुन्हा कधीं आलें नाहीं, त्याच्या नांवाचा संघ सव्वाशें वर्षांनीं क्रिकेटच्या मैदानावर मुंबईला आव्हान देऊं लागला. या संघाकडे खानदेशी मनानें केवळ परका म्हणून पाहावें, अशी अपेक्षा करतां येत नाहीं.

हा संघ होळकरांच्या नांवानें १९४१-४२ पासून रणजी करंडकाच्या स्पर्धेंत उतरला आणि १९५४-५५ नंतर त्या नांवानें उरला नाहीं. अवघ्या चौदा हंगामांचें हें आयुष्य. पण १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा वर्षांत त्यानें दहा वेळां अंतिम सामना गांठला व चार वेळां करंडक जिंकला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. त्या काळांत इतक्या सातत्यानें अंतिम सामन्यापर्यंत पोंचणारा दुसरा संघ नव्हता.

या यशाचें मूळ महाराजा यशवंतराव होळकर यांच्या आश्रयांत होतें. धंदेवाईक क्रिकेट हा शब्द तेव्हां आपल्याकडे फारसा प्रतिष्ठित नव्हता. परंतु संस्थानाच्या फौजेंत हुद्दा आणि पगार देऊन खेळाडूंना निर्वेध खेळावयास लावणें, हें नांवानें नसलें तरी वस्तुतः धंदेवाईक क्रिकेटच होतें. नागपूरचे नायडू, सागरचे सरवटे, कोल्हापूरचे निंबाळकर अशीं दूरदूरचीं माणसें इंदुरास एकत्र आलीं. भाड्यानें जमविलेला संघ म्हणून त्याला नांवें ठेवणारेहि होते. पण पगारानें माणूस मैदानावर येतो. हरत आलेल्या सामन्यांत तो दिवसभर गोलंदाजी करीत राहतो तो पगारानें नव्हे. या संघानें हा भेद अनेकदां दाखवून दिला.

प्रतवारी लावतांना मोजमाप अगोदर ठरवावें लागतें. येथें तें असें धरलें आहे : खेळाडूनें होळकर संघासाठीं काय केलें एवढेंच मोजावें, अन्य संघाकडून मिळविलेली कीर्ति पार्श्वभूमि म्हणून सांगावी, गुण म्हणून धरूं नये. या नियमानें एक मोठें नांव आरंभींच बाजूला पडतें, तें डेनिस कॉम्प्टन यांचें. महायुद्धांत महूच्या छावणींत आलेले हे इंग्रज फलंदाज १९४४-४५ च्या अंतिम सामन्यांत मुंबईविरुद्ध होळकरांकडून खेळले. विजयासाठीं ८६७ धांवांचें अशक्य ओझें समोर असतां त्यांनीं नाबाद २४९ धांवा केल्या. ती खेळी अविस्मरणीय खरी. पण पाहुण्याला पंक्तींत मानाचें पान द्यावें, घराच्या वाटणींत हिस्सा मागूं देऊं नये.

पहिल्या स्थानाविषयीं वाद होण्याचें कारण नाहीं. कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू हे या संघाचे कर्णधार होते, आणि चारहि वेळां करंडक आला तो त्यांच्याच नेतृत्वाखालीं. १९२६ सालीं मुंबईंत गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदूंकडून अकरा षट्कारांसह केलेल्या १५३ धांवा आणि १९३२ सालीं लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यांत भूषविलेलें नेतृत्व, हीं त्यांच्या कीर्तीचीं दोन शिखरें सर्वश्रुत आहेत. पण ठरलेल्या नियमानुसार तीं येथें मोजावयाचीं नाहींत, आणि मोजण्याची गरजहि नाहीं. होळकर संघ रणजी स्पर्धेंत उतरला तेव्हां नायडूंचें वय पंचेचाळीस उलटलें होतें. ज्या वयांत इतर खेळाडू प्रेक्षागारांत खुर्ची शोधतात, त्या वयांत त्यांनीं नवा संघ उभारला. १९४५-४६ च्या बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यांत त्यांनीं दोनशें धांवा केल्या, तेव्हां त्यांची पन्नाशी उलटलेली होती. आणि हा सामना होळकरांनीं अवघ्या ५६ धांवांनीं जिंकला. त्या दोनशें धांवा वगळल्या तर पहिला करंडक इंदुरास आला नसता, हें साधें गणित आहे.

खरा वाद सुरू होतो तो दुसऱ्या स्थानापासून. लोकांच्या मनांत तेथें मुश्ताक अली यांची मूर्ति असते. १७ डिसेंबर १९१४ रोजीं खुद्द इंदुरांत जन्मलेल्या या खेळाडूनें १९३६ सालीं मँचेस्टर येथें ११२ धांवा काढून परदेशांत कसोटी शतक करणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळविला. त्यांची फलंदाजी म्हणजे केवळ उल्हास. पुढें सरसावून वेगवान गोलंदाजाला टोलविण्याचें त्यांचें धाडस पाहून कलकत्त्याचे लोक इतके वेडे झाले, कीं एकदां त्यांना संघांतून वगळल्याबरोबर "मुश्ताक नाहीं तर सामना नाहीं" अशी आरोळी उठली. होळकरांकडूनहि त्यांची करामत थोडी नव्हती : १९४४-४५ च्या त्याच अंतिम सामन्यांत त्यांनीं १०९ व १३९ अशीं दोन्ही डावांत शतकें केलीं.

तथापि, सेवेच्या तराजूंत चंद्रशेखर सरवटे यांचें पारडें किंचित् खालीं झुकतें. हें मत पुष्कळांना रुचणार नाहीं. म्हणून त्याचीं कारणें दिलीं पाहिजेत. सरवटे हे फलंदाज होते कीं गोलंदाज, हें त्यांच्या कारकीर्दीवरून सांगणें कठीण. मे १९४६ मध्यें ओव्हलच्या मैदानावर सरेविरुद्ध दहाव्या क्रमांकावर येऊन त्यांनीं नाबाद १२४ धांवा केल्या आणि शुटे बॅनर्जी यांच्यासह शेवटच्या जोडीसाठीं २४९ धांवांची भर घातली. शेवटच्या दोन्ही फलंदाजांनीं शतकें केल्याचें असें उदाहरण अन्यत्र सांपडत नाहीं. पुढच्याच दौऱ्यांत, ऑस्ट्रेलियांत मेलबोर्न येथें, हेच सरवटे विनू मंकड यांच्याबरोबर डावाच्या आरंभीं आले व त्या जोडीनें १२४ धांवांची सलामी दिली. दहावा क्रमांक द्या कीं पहिला, हा माणूस कामाला तयार! होळकर संघाला त्यांच्या या स्वभावाचा लाभ पुरेपूर मिळाला. १९४५-४६ सालीं म्हैसूरविरुद्धच्या सामन्यांत त्यांनीं शतक तर केलेंच, शिवाय एका डावांत ६१ धांवांत नऊ गडी बाद केले. १९५०-५१ सालीं बंगालविरुद्ध त्यांनीं २४६ धांवांची खेळी केली, आणि त्या वर्षीं करंडक पुन्हा इंदुरास आला. मुश्ताक अलींनीं लोकांना जिंकलें. सरवट्यांनीं सामने जिंकले. दोन्ही कामें थोर आहेत, पण येथें सामन्यांचा हिशेब चालला आहे. म्हणून दुसरे सरवटे व तिसरे मुश्ताक अली.

चौथे स्थान भाऊसाहेब निंबाळकर यांना द्यावें लागतें, आणि येथेंच खानदेशी रसिकाची खरी परीक्षा होते. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास काठेवाडविरुद्ध निंबाळकर नाबाद ४४३ धांवांवर असतांना उपाहाराची वेळ झाली. ब्रॅडमन यांच्या ४५२ धांवांचा जागतिक उच्चांक अवघ्या नऊ धांवांवर होता. काठेवाडच्या कर्णधारानें पुढें खेळण्याचें नाकारलें, सामना सोडून दिला, आणि उच्चांक जागच्या जागीं राहिला. भारतीय फलंदाजाची ती आजवरची सर्वोच्च प्रथम श्रेणीची खेळी आहे. परंतु ती झाली महाराष्ट्राकडून. ती खेळी खानदेशच्या घरच्या संघाची दौलत. इंदूरच्या खात्यावर ती जमा करतां येत नाहीं. होळकरांच्या खात्यावर जमा आहे ती म्हैसूरविरुद्धची १७२ धांवांची खेळी. त्या डावांत होळकरांनीं आठ गडी बाद ९१२ धांवांवर डाव सोडला आणि भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर व प्रतापसिंह अशा सहा जणांनीं शतकें केलीं. त्यांत सर्वांत मोठें शतक निंबाळकरांचें होतें. एवढें करूनहि त्यांना एकदांहि अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाहीं. निवडसमितीच्या यादींतून जें नांव गळालें, तें निदान रसिकांच्या यादींतून गळूं नये.

पांचवे सी. एस. नायडू. थोरल्या बंधूंच्या सावलींत वाढलेला हा लेगस्पिन गोलंदाज १९४४-४५ च्या अंतिम सामन्यांत दोन्ही डाव मिळून ९१७ चेंडू टाकता झाला. पहिल्या डावांत सहा व दुसऱ्यांत पांच गडी बाद केले, पण त्यांच्या गोलंदाजीवर ४२८ धांवाहि निघाल्या. ९१७ चेंडू म्हणजे १५२ षट्कें आणि वर पांच चेंडू! सामना ३७४ धांवांनीं गेला. आंकड्यांच्या दृष्टीनें हें अपयशच. परंतु विजय मर्चंट २७८ धांवा कुटीत असतां मार्चच्या मुंबईच्या उन्हांत पुन्हा पुन्हा चेंडू हातीं घेणाऱ्या या माणसाला प्रतवारींत स्थान नसेल, तर ती प्रतवारी केवळ हिशेबनिसाची होईल.

सहावें स्थान हिरालाल गायकवाड यांचें. त्यांची डावखुरी गोलंदाजी हा संघाचा वर्षानुवर्षांचा आधार. कसोटी मात्र एकच, १९५२ सालीं पाकिस्तानविरुद्ध. त्यांच्यामागून जगदाळे व भांडारकर हीं नांवें येतात. कोणत्याहि संघाचा डोलारा अशाच खांबांवर उभा असतो. लोक कळसाकडे पाहतात, खांबांकडे नाहीं.

या संघाच्या वाट्याला नामुष्कीहि आली. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यांत विजय हजारे व गुल महंमद यांनीं चौथ्या जोडीसाठीं ५७७ धांवा केल्या आणि बडोद्यानें होळकरांना एक डाव व ४०९ धांवांनीं धूळ चारली. दुसरा एखादा संघ त्या आघातानें खचला असता. होळकरांनीं पुढच्याच वर्षीं मुंबईला नऊ गडी राखून हरविलें व करंडक परत आणला. प्रतवारी व्यक्तींची लागते. पण हा गुण कोणा एकाच्या नांवावर लिहितां येत नाहीं.

मे १९४८ मध्यें होळकरांचें संस्थान मध्यभारतांत विलीन झालें. आश्रयदात्याची सत्ता गेली, तरी त्याच्या नांवाचा संघ आणखी सात वर्षें खेळत राहिला, आणि शेवटच्या दोन्ही करंडकांवर नांव कोरलें गेलें तें विलीनीकरणानंतरच. १९५४-५५ च्या अंतिम सामन्यांत इंदुरांतच मद्रासनें ४६ धांवांनीं विजय मिळविला, आणि त्याबरोबर होळकर हें नांव स्पर्धेंतून उठलें. कर्नल नायडू तर साठी उलटल्यावरहि, १९५६-५७ सालीं, उत्तर प्रदेशाकडून मैदानावर उभे होते. इंदूरच्या परंपरेचा वारसा मध्यप्रदेशाकडे गेला. पण त्या राज्याला पहिला करंडक मिळण्यास जून २०२२ उजाडावें लागलें. योगायोग असा, कीं तेव्हां अंतिम सामन्यांत हरलेला संघ मुंबईचाच होता.

सातपुड्याच्या अलीकडच्या रसिकानें ही यादी आपल्या मताप्रमाणें खालवर करावी. सरवट्यांना मागें सारून मुश्ताक अलींना पुढें आणणारे पुष्कळ भेटतील, आणि त्यांचें म्हणणेंहि निराधार नाहीं. मात्र कोणतीहि यादी करतांना एक जागा सदैव राखून ठेवावी : ज्याचें नांव निवड करणाऱ्यांना आठवलें नाहीं, त्या खेळाडूची. इतिहासाचें काम विजेत्यांचीं नांवें पुन्हा मोजणें एवढेंच नाहीं. हिशेबांतून सुटलेलें देणें फेडणें हेंहि त्याचेंच काम आहे.