दूध पिता पिता बाळ झोपते : ही सवय वाईट आहे का?

पहिल्या काही महिन्यांत बाळ अंगावर दूध पिता पिता झोपी जाणे ही नैसर्गिक गोष्ट आहे. तरीही "बाळाला सवय लागेल", "दूध पुरत नाही म्हणून सारखे चोखते" असे ऐकून अनेक आया धास्तावतात आणि गरज नसताना वरचे दूध सुरू होते. त्यामुळे अंगावर पाजणे कमी होते, आणि पाजणे कमी झाले की दूधही कमी तयार होते.

चोखताना झोप का येते?

चोखल्याने आणि दूध पोटात गेल्याने बाळाच्या शरीरात पेंग आणणारी संप्रेरके स्रवतात. आईच्या रात्रीच्या दुधात मेलाटोनिन हे झोपेशी संबंधित संप्रेरकही असते. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन आईच्या शरीरात रात्री जास्त असते. म्हणून सुरुवातीच्या काळात रात्रीचे पाजणे बंद करू नये.

बाळ दूध पिते आहे की नुसते चोखते आहे?

- दूध पिताना चोखणे संथ आणि खोल असते. साधारण सेकंदाला एकदा जबडा हलतो आणि गिळल्याचा हलका आवाज येतो.
- नुसते चोखताना हालचाल भराभर आणि उथळ असते, गिळणे क्वचितच दिसते. यातून बाळाला शांत वाटते, त्यात गैर काही नाही.

सारखे दुखत असेल किंवा स्तनाग्राला चिरा पडल्या असतील तर पकड तपासा. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि काळसर भागाचा बराचसा हिस्सा तोंडात असावा.

दूध पुरते आहे हे कसे ओळखावे?

बाळ किती वेळ झोपते यावरून ते ठरत नाही. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान 6 वेळा भरपूर लघवी होणे आणि वजन वाढणे या खऱ्या खुणा आहेत. जन्मानंतर वजन थोडे घटते, पण साधारण 2 आठवड्यांत ते पूर्ववत व्हायला हवे. तोपर्यंत दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजा. बाळ 3 तासांपेक्षा जास्त झोपले तर उठवून पाजा. कावीळ झालेली बाळे जास्त पेंगतात, त्यांच्याबाबत हे विशेष महत्त्वाचे आहे.

खाली ठेवले की लगेच का उठते?

नवजात बाळाची झोप हलक्या टप्प्याने सुरू होते. पापण्या फडफडतात, ओठ हलतात. साधारण 20 मिनिटांनी हात सैल पडतात, श्वास संथ होतो. तेव्हा खाली ठेवले तर ते उठण्याची शक्यता कमी असते.

4 ते 6 महिन्यांनंतर सवय बदलायची असेल तर पाजणे आणि झोपणे यांत थोडे अंतर ठेवा. आधी पाजा, मग दुपटे बदला, दिवा मंद करा, अंगाई म्हणा आणि बाळ पेंगुळलेले असतानाच खाली ठेवून थोपटा. हे काम बाबा किंवा आजीनेही करावे. बाळाला एकटे रडत ठेवण्याची गरज नाही.

झोपवताना काय टाळावे?

- बाळाला पालथे किंवा कुशीवर झोपवू नका. उताणे, सपाट आणि टणक गादीवर झोपवा. जवळ उशी, जाड गोधडी नको.
- झोळीत मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. लहान बाळाला तिच्यात झोपवू नका.
- सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळाला घेऊन झोपू नका. आईवडिलांपैकी कोणी धूम्रपान करत असेल, मद्य किंवा गुंगीचे औषध घेतले असेल, अथवा बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल, तर बाळाचे अंथरूण त्याच खोलीत पण वेगळे ठेवा.
- बंद खोलीत शेक-शेगडी किंवा धुरी नको. कार्बन मोनॉक्साइडने आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका होतो.
- शांत झोपावे म्हणून गुटी, मध, ग्राइप वॉटर देऊ नका. पहिले 6 महिने फक्त अंगावरचे दूध, आणि डॉक्टरांनी सांगितलेली ड जीवनसत्त्वासारखी औषधे. मध तर वर्षभर नकोच.

दूध खरोखर कमी असेल तर?

आधी पकड आणि वजन डॉक्टरांकडून तपासून घ्या. कमी दिवसांच्या, रुग्णालयात दाखल बाळांसाठी मातृदुग्धपेढीची सोय असते. अशी देशातली पहिली पेढी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पुण्यात ससून रुग्णालयातही ही सोय आहे.

डॉक्टरांकडे ताबडतोब केव्हा जावे?

बाळ पाजायलाही उठत नसेल, लघवी कमी झाली असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, श्वास मिनिटाला 60 पेक्षा जास्त असेल किंवा 3 महिन्यांखालील बाळाला 100.4 फॅरनहाइट वा त्याहून जास्त ताप असेल, तर सकाळची वाट पाहू नका. आईला सतत रडू येत असेल किंवा बाळ झोपले तरी तिला झोप लागत नसेल, तर तिलाही डॉक्टरांना दाखवा.