अतिजोखमीच्या रुग्णांसाठी भूल आणि अतिदक्षता उपचार : लखनौमधील व्यवस्था

वाढलेले वय, कमकुवत हृदय, निकामी होत चाललेली मूत्रपिंडे, यकृताचे विकार किंवा अनियंत्रित मधुमेह असलेल्या रुग्णावर शस्त्रक्रिया करताना शल्यचिकित्सकाच्या कौशल्याइतकेच महत्त्व भूलतज्ज्ञाच्या पूर्वतयारीला आणि शस्त्रक्रियेनंतरच्या देखरेखीला असते. अशा रुग्णांचा मोठा भार पेलणाऱ्या उत्तर भारतातील प्रमुख शहरांमध्ये लखनौचा समावेश होतो. पूर्व उत्तर प्रदेशातील जिल्ह्यांसह बिहार आणि नेपाळमधूनही रुग्ण येथे उपचारांसाठी येतात.

येथील किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाची पायाभरणी १९०५ मध्ये तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते झाली आणि १९११ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. २००२ मध्ये या महाविद्यालयाला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अपघातग्रस्तांसाठी त्याचे स्वतंत्र ट्रॉमा सेंटर आहे. रायबरेली रस्त्यावरील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था राज्य विधिमंडळाच्या १९८३ च्या कायद्यान्वये स्थापन झाली. हृदयशस्त्रक्रिया आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण यांसारखे गुंतागुंतीचे उपचार करणाऱ्या या संस्थेत भूलशास्त्राबरोबरच अतिदक्षता वैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे.

भूलशास्त्रातून अतिदक्षतेकडे

अमेरिकेतील बॉस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन यांनी ईथरच्या साह्याने भूल देण्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. पुढच्याच वर्षी कोलकात्यात ईथरचा वापर झाला. अतिदक्षता विभागाची संकल्पना मात्र शंभर वर्षांनंतर, तीही एका भूलतज्ज्ञाच्या प्रयत्नांतून आकाराला आली. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ पसरली असता ब्योर्न इब्सेन यांनी श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत छेद देऊन नळी बसवली आणि हाताने पिशवी दाबून त्यांना श्वास देण्याची पद्धत अवलंबली. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हे काम केले आणि मृत्यूचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. शस्त्रक्रियागृहातील तंत्र रुग्णशय्येपाशी नेता येते, हे यातून सिद्ध झाले. भारतात या शाखेतील तज्ज्ञांची ‘इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन’ ही संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली.

जोखमीचे मूल्यमापन

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची शारीरिक स्थिती ठरवण्यासाठी अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेची सहा श्रेणींची पद्धत जगभर वापरली जाते. पहिल्या श्रेणीत निरोगी व्यक्ती, तिसऱ्या श्रेणीत गंभीर आजार असलेला रुग्ण, तर चौथ्या श्रेणीत जिवाला सतत धोका असलेला रुग्ण मोडतो. शस्त्रक्रियेविना जगण्याची शक्यता नसलेला रुग्ण पाचव्या, तर अवयवदान करणारी मेंदूमृत व्यक्ती सहाव्या श्रेणीत येते.

नियोजित शस्त्रक्रियेत रक्तक्षय दूर करणे, रक्तशर्करा आटोक्यात आणणे, धूम्रपान थांबवणे आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत निर्णय घेणे यांसाठी वेळ मिळतो. भूल देताना पोटातील अन्न फुप्फुसात जाऊ नये म्हणून प्रौढ रुग्णाने हलका आहार किमान सहा तास, तर पाण्यासारखी स्वच्छ पेये दोन तास आधी थांबवावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे. अपघातग्रस्ताच्या बाबतीत मात्र ही तयारी करण्यास वेळ नसतो. पोट भरलेले आहे असे गृहीत धरूनच भूल द्यावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी प्रसृत केली. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या यादीच्या वापरानंतर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे आढळले.

अतिदक्षता विभागातील उपचार

शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी पुढील काही दिवस निर्णायक असतात. सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयव निकामी होणे, हा त्यातील मोठा धोका आहे. रक्तदाब कोसळलेल्या सेप्सिसच्या रुग्णाला शक्यतो तासाभरात प्रतिजैविके द्यावीत आणि सरासरी रक्तदाब ६५ मिलिमीटरच्या वर राखावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णाच्या फुप्फुसांना इजा होऊ नये म्हणून प्रत्येक श्वासाचे प्रमाणही मर्यादित ठेवले जाते.

सर्व साधने उपलब्ध असूनही या उपचारांना मर्यादा असतात. उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कल्याण सिंह यांना ४ जुलै २०२१ रोजी संजय गांधी संस्थेच्या अतिदक्षता विभागात दाखल करण्यात आले होते. सुमारे सात आठवड्यांच्या उपचारांनंतर २१ ऑगस्ट रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, सेप्सिस आणि अनेक अवयव निकामी झाल्याने त्यांचे निधन झाले.

नातेवाइकांची भूमिका

अतिदक्षता विभागातील खाटा मर्यादित असल्याने कोणाला दाखल करावे, हा प्रश्न वैद्यकीय तसाच नैतिकही ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये समोर आलेल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अवयव निकामी होणे, अवयवांना आधार देण्याची गरज किंवा प्रकृती ढासळण्याची शक्यता हे दाखल करण्याचे निकष आहेत. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी नकार दिल्यास गंभीर रुग्णाला अतिदक्षता विभागात दाखल करू नये, असेही त्यात नमूद आहे. खाट मिळेपर्यंत रुग्णाचा रक्तदाब, नाडी, श्वसनाचा वेग, प्राणवायूची पातळी, लघवीचे प्रमाण आणि शुद्धीची अवस्था यांवर लक्ष ठेवणे अपेक्षित आहे.

त्यामुळे नियोजित शस्त्रक्रियेसाठी दूरच्या जिल्ह्यातून मोठ्या रुग्णालयात येताना जुने तपासणी अहवाल, सुरू असलेल्या औषधांची यादी आणि पूर्वी भूल दिल्यावर काही त्रास झाला असल्यास त्याची माहिती भूलतज्ज्ञाला देणे हे उपचारांचेच अंग ठरते. शस्त्रक्रियेचा अपेक्षित लाभ, संभाव्य धोके आणि श्वसनयंत्राची गरज भासल्यास पुढे काय करायचे, याविषयी रुग्ण शुद्धीवर असतानाच चर्चा झालेली असल्यास निर्णयाचा सारा भार आणीबाणीच्या क्षणी कुटुंबीयांवर पडत नाही.