सल्ल्याची सनद

नवराबायकोच्या भांडणांत तिसऱ्यानें पडूं नये असें आपल्याकडे म्हणतात खरें. पण ज्यांत तिसरा पडला नाहीं असें भांडण विरळाच. मामा पडतो, मामंजी पडतात, शेजारच्या काकू पडतात, आणि प्रकरण हाताबाहेर गेलें म्हणजे जातीचे पंच पडतात. तेव्हां तिसरा असावा कीं नसावा याचा काथ्याकूट करण्यांत अर्थ नाहीं. तो कोण असावा, त्यानें ही विद्या कोणापाशीं शिकावी, आणि त्याच्या हातून चूक झाली तर त्याला जाब कोणीं विचारावा, एवढेंच ठरवावयाचें उरतें. महाराष्ट्रानें या तीन प्रश्नांचीं उत्तरें गेल्या शंभर वर्षांत कशीं बदललीं तें पाहण्याचा आमचा येथें विचार आहे.

जुने कागद चाळले तर गोतसभेचे महजर पुष्कळ सांपडतात. वतनाचा तंटा असो कीं शिवेचा असो, देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी व बलुतेदार एके ठिकाणीं बसत, साक्षी ऐकत आणि निवाडा लिहून त्यावर आपापल्या निशाण्या करीत. संसाराच्या तक्रारी बहुधा जातीच्या पंचायतीपुढें जात. ज्या जातींत पाटाची चाल होती त्यांत काडीमोडहि पंचांच्या समक्ष होई. धर्माचा प्रश्न निघाला, प्रायश्चित्त सांगावयाचें झालें, कीं तो नाशिक, पैठण, वाई, कऱ्हाड अशा क्षेत्रांच्या ब्रह्मवृंदाकडे जाई. आम्हां नाशिककरांस आपल्या गांवाच्या या जुन्या अधिकाराचा थोडा अभिमानहि वाटतो. तो कितपत वाटावा हें पुढें दिसेल. इंग्रजी अमलांत या अधिकाराला कात्री लागली. पहिला नवरा हयात असतां जातीनें एखाद्या स्त्रीस दुसऱ्या विवाहाची परवानगी दिली तरी पहिला विवाह मोडत नाहीं, जातीस तो अधिकारच नाहीं, असें मुंबईच्या हायकोर्टानें १८७६ सालीं ठरविलें. कायद्यानें अधिकार गेला. पंचांचा वचक मात्र गेला नाहीं.

पंचाच्या बाजूनें जें बोलण्यासारखें आहे तें बोललें पाहिजे. त्याला दोन्हीं घरें ठाऊक असत. सासू कशी, सासरा कसा, कर्ज किती, दारूचें व्यसन कोणाला, हें त्याला विचारावें लागत नसे. समेट झाल्यावर तो दुसऱ्या गांवीं निघून जात नसे. पुढच्या सणाला त्याच घरीं पाटावर बसून सून कशी दिसते तें तो पाही. आजच्या कोणत्याहि कचेरींतील सल्लागारास ही सोय नाहीं. परंतु त्याचें जें बळ तेंच त्याचें वैगुण्य. तो नात्यांतला होता, म्हणून तो कोणाच्या तरी बाजूचा होता. जातीची अब्रू राखणें हें त्याचें पहिलें काम, आणि त्या दोन जिवांचें सुख हें जमलें तर दुसरें. बाईनें सोसावें, म्हणजे चारचौघांत शोभा होत नाहीं, हा निवाडा ऐकण्यापूर्वींच ठरलेला असे. आणि त्याचें चुकलें तर त्याला विचारणारें कोणी नव्हतें.

हा वचक किती खोल गेला आहे त्याचें भीषण प्रत्यंतर आमच्याच शहरानें २०१३ सालीं पाहिलें. जातीबाहेर लग्न केलेल्या एका गरोदर मुलीचा तिच्या बापानेंच खून केला, आणि त्यामागें जातपंचायतीच्या बहिष्काराची छाया होती असें उघड झालें. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनें जातपंचायतींविरुद्धची मोहीम त्या वर्षीं नाशकांतूनच सुरू केली. त्याच ऑगस्टांत डॉ. नरेंद्र दाभोलकर पुण्यांत मारेकऱ्यांच्या गोळ्यांस बळी पडले. मोहीम थांबली नाहीं. सामाजिक बहिष्कारास गुन्हा ठरविणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ सालीं मंजूर होऊन २०१७ सालीं अमलांत आला. ज्या गांवचे निवाडे एके काळीं दूरदूरचे लोक मागावयास येत, त्याच गांवानें निवाडा करणारांना निवाडा ऐकविला.

आतां दुसरा धागा घेऊं. नात्याबाहेरच्या, अनोळखी माणसाकडे जाऊन संसाराची गोष्ट बोलावी, ही कल्पना आपल्याकडे नवी. तिचा पहिला ठळक पुरस्कर्ता म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांनीं १९२१ सालीं मुंबईत संततिनियमनाचें केंद्र काढलें, त्यापायीं विल्सन कॉलेजांतील प्राध्यापकी सोडली, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक चालविलें. वाचकांच्या प्रश्नांना ते छापून उत्तरें देत. जें आईला सांगतां येत नाहीं, नवऱ्याला विचारतां येत नाहीं, डॉक्टरांपुढें उच्चारतां येत नाहीं, तें लोक त्यांना लिहीत. अश्लीलतेच्या आरोपाखालीं त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. १९३४ च्या खटल्यांत त्यांचें वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनीं घेतलें होतें. कर्व्यांच्या धैर्याबद्दल आम्हांस आदरच आहे. पण ते गणिताचे प्राध्यापक होते. या विषयांत त्यांना गुरु नव्हता, आणि उत्तर पाठविण्यापूर्वीं तें तपासणारेंहि कोणी नव्हतें.

त्याच सुमारास अमेरिकेंतहि स्थिति फारशी निराळी नव्हती. १९३० सालीं लॉस एंजेलिस येथें पॉल पोपेनो यांनीं कौटुंबिक संबंधांची संस्था काढली व विवाहसल्ला हा शब्द तिकडे घरोघर नेला. हे गृहस्थ मूळचे खजुराच्या लागवडीचे तज्ज्ञ. त्या विषयावर त्यांचा ग्रंथ आहे. खजुरावरून ते वंशसुधारणेकडे वळले, ‘अयोग्य’ माणसांची सक्तीनें नसबंदी करावी या मताचा त्यांनीं हिरिरीनें पुरस्कार केला, आणि तेथून नवराबायकोच्या भांडणांकडे आले. गणिती काय, खजूरवाला काय, आरंभीं सगळेच आपण होऊन या गादीवर बसले. कर्व्यांच्या हातून बसण्यानें लोकांचें भलें झालें आणि पोपेनोंचीं मतें आज वाचवत नाहींत, हा फरक शिक्षणाचा नव्हे, स्वभावाचा होता. आणि परक्याचा संसार कोणाच्या स्वभावावर सोपविणें धोक्याचें असतें. तिकडच्या लोकांच्या हें लवकर लक्षांत आलें. १९४२ सालीं विवाहसल्लागारांची संघटना निघाली, आणि १९६३ सालीं कॅलिफोर्निया संस्थानानें या धंद्यास कायद्यानें परवाना लावला.

परवान्याची तिकडची रीत समजून घेण्यासारखी आहे. पदव्युत्तर पदवी पुरत नाहीं. उमेदवारास तीन हजार तास देखरेखीखालीं काम करावें लागतें, त्यास दोन वर्षांहून कमी काळ लागून चालत नाहीं, आणि त्या काळांत दर आठवड्यास अनुभवी माणसापुढें बसून आपण काय ऐकलें, काय बोललों, कोठें चुकलों, याचा हिशेब द्यावा लागतो. मग परीक्षा. ‘उमेदवारी’ हा आपला जुना शब्द येथें तंतोतंत बसतो. कारकुनाची उमेदवारी, वकिलाची उमेदवारी आपल्याला ठाऊक होती. संसाराच्या सल्ल्याचीहि उमेदवारी असूं शकते हें मात्र कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें.

कोणाच्याच नव्हतें असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. मुंबईस नागपाड्यांत क्लिफर्ड मॅन्शार्ट नांवाचे अमेरिकन मिशनरी कामगारवस्तींत सेवाकेंद्र चालवीत. त्यांच्या पुढाकारानें व टाटांच्या देणगीनें १९३६ सालीं तेथें सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालें. पुढें तेंच टाटा समाजविज्ञान संस्था झालें. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि त्यांत वर्गांतील व्याख्यानांइतकेंच महत्त्व प्रत्यक्ष वस्तींत, इस्पितळांत, घरोघर जाऊन करावयाच्या कामास. विद्यार्थी एकटा जाई. पण परत आल्यावर घडलेलें सगळें लिहून काढी आणि पर्यवेक्षकापुढें ठेवी. दुसऱ्याच वर्षीं मुलांच्या मानसिक अडचणींसाठीं शाळेनें एक केंद्र उघडलें. मुलांच्या तक्रारीमागें बहुधा आईबापांची तक्रार निघते हें तेथें काम करणारांस शिकविण्याची गरज पडली नसेल.

कायद्याचा प्रवास याहून संथ. बडोद्यास सयाजीरावांनीं १९३१ सालीं हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. मुंबई प्रांतानें तो १९४७ सालीं केला. १९५५ सालीं सगळ्या देशास मिळाला, व शक्य तेथें आधीं समेटाचा प्रयत्न करावा अशी जबाबदारी त्यानें न्यायाधीशावर टाकली. आतां न्यायाधीश हा पुरावा तोलणारा माणूस. समेट घडविण्यास त्याच्यापाशीं ना वेळ, ना विद्या. १९५३ सालीं दुर्गाबाई देशमुख चीन पाहून आल्या. चिंतामणराव देशमुखांशीं त्यांचा विवाह त्याच वर्षींचा, म्हणून त्यांना महाराष्ट्राची सून म्हणण्यास हरकत नाहीं. कुटुंबाच्या खटल्यांसाठीं निराळीं न्यायालयें हवींत ही गोष्ट त्यांनीं पंडित नेहरूंच्या आणि मुंबईच्या हायकोर्टाचे छगला व गजेंद्रगडकर यांच्या कानीं घातली. गजेंद्रगडकरांनीं ती विसरली नसावी. कारण त्यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगानें १९७४ च्या आपल्या एकोणसाठाव्या अहवालांत कौटुंबिक तंट्यांकडे निराळ्या दृष्टीनें पाहण्याची शिफारस केली. कायदा व्हावयास मात्र १९८४ साल उजाडलें, आणि महाराष्ट्रांतील पहिलीं कौटुंबिक न्यायालयें पुणें व मुंबई येथें १९८९ सालीं उघडलीं. दुर्गाबाई १९८१ सालींच वारल्या होत्या.

या न्यायालयांत एक नवा माणूस आला: विवाह-समुपदेशक. महाराष्ट्रानें त्याला दिवसाच्या मानधनावर न ठेवतां पगारी नोकर केलें, आणि समाजकार्याची पदव्युत्तर पदवी व कुटुंबांसंबंधीं कामाचा अनुभव या दोन्हीं अटी घातल्या. नागपाड्याच्या शाळेंतील उमेदवारी अशा रीतीनें पन्नास वर्षांनीं सरकारी नियमांत शिरली. समुपदेशकास पक्षकारांच्या घरीं जातां येतें, नातेवाइकांस भेटतां येतें. त्याच्यापाशीं जें बोललें जातें तें गुप्त; त्यास साक्षीला बोलावीत नाहींत. पंचापाशीं बोललेली गोष्ट संध्याकाळीं पारावर जाई. येथें ती न्यायाधीशासहि कळत नाहीं. आमच्या मतें वकिलांना दूर ठेवण्याच्या तरतुदीपेक्षां हें एक कलम अधिक मोलाचें आहे.

नाशकांतहि आज कौटुंबिक न्यायालय आहे. तेथें येणारीं माणसें पाहिलीं म्हणजे शहर कसें पालटलें तें समजतें. जुन्या नाशकांतील व पंचवटींतील वाड्यांत शेजारच्या खोलींत चुलते असत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळें माणसें सिडकोच्या दोन खोल्यांत आलीं. तेथें भिंतीपलीकडे चुलता नाहीं, आणि जो आहे त्याचें नांवहि ठाऊक नसतें. भांडण मिटवावयास कोणी नाहीं, तसें तें पेटवावयासहि कोणी नाहीं. तरी तें पेटतेंच.

समुपदेशनाविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो स्त्रियांसाठीं काम करणाऱ्या संस्थांनींच घेतला आहे. समेट हें यशाचें माप ठरलें कीं मार खाणारी बाई पुन्हा त्याच घरीं धाडली जाते, आणि पंचांचें जुनें काम पदवीधरांच्या हातून होतें. टाटा संस्थेनें १९८४ सालीं मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या कचेरींतच स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं विशेष कक्ष उघडला, तेव्हां सल्ला आणि संरक्षण यांची फारकत करतां येत नाहीं हें ध्यानांत घेऊनच. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखालील नियम तर स्पष्टच आहेत: पक्षकारांचा नातेवाईक किंवा प्रकरणांत ज्याचा हितसंबंध आहे तो समुपदेशक होऊं शकत नाहीं, आणि हिंसा करणारास आपल्या कृत्याचें समर्थन करूं द्यावयाचें नाहीं. गोतसभेच्या बरोबर उलट हें शास्त्र झालें.

न्यायालयाबाहेर मात्र मोकळें रान आहे. चिकित्सक मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या पुनर्वास परिषदेच्या कायद्यानें बांधली आहे. २०२१ च्या कायद्यानें इतर समुपदेशकांसहि नोंदणीच्या कक्षेंत आणण्याची वाट आखली आहे. पण विवाहाचा सल्लागार म्हणून निराळी सनद आपल्याकडे नाहीं. रस्त्यावर वडे तळणारासहि कागद लागतो. संसार दुरुस्त करण्याची पाटी लावण्यास रंगाऱ्याची मजुरी पुरते. सनद आली कीं सगळें सुरळीत होईल असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. तीन हजार तास भरले म्हणजे शहाणपण भरलें असें नव्हे, आणि फी देणारांसच सल्ला मिळूं लागला तर गरिबांस पुन्हा पंचच उरतील. पण परवान्यापेक्षां त्यामागची उमेदवारी आम्हांस हवी आहे, आणि ती कायद्याची वाट न पाहतां आजहि घेतां येते.

समाजकार्य शिकणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका मुलीनें, नांवेंगांवें खोडून, आपली क्षेत्रकार्याची वही आम्हांस दाखविली. घडलेला संवाद शब्दशः लिहिलेला. एके ठिकाणीं रडणाऱ्या बाईस तिनें सांगितलें होतें कीं माझ्या आईनेंहि असेंच सोसलें. त्याखालीं पर्यवेक्षिकेची तांबड्या शाईची रेघ, आणि समासांत, “ही तुमच्या घरची हकीकत. तिची विचारलीत काय?” मुलीला त्या दिवशीं राग आला होता, असें तीच म्हणाली. आपण धीर दिला आणि वर बोलणीं खाल्लीं, असें तिला वाटलें. पुढच्या आठवड्याच्या पानावर तीच बाई पुन्हा आलेली. मुलीनें लिहिलें होतें: बाई गप्प. मीहि गप्प. मग वेळ घातली होती, बारा वाजून दहा मिनिटें ते बारा वाजून बावीस. त्यानंतर तीन पानें बाईचें बोलणें.

तिच्या उमेदवारीचे अजून सात महिने राहिले आहेत.